शिकारीचा घोडा ठाणबंद ठेवून चालत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंड-आयर्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकारीवर आलेला लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती, इतिहासही नेटका सांगितला होता. घोड्यांच्या परिच्छेदात मात्र असे म्हटले होते, की थंडीत दोन शिकारींच्या मधल्या दिवसांत हे घोडे उबदार पागेत बांधून ठेवतात आणि भरपूर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, चारून त्यांची ताकद भरून काढतात. चांगला घोडा आडवा करायचा असेल तर यापेक्षा खात्रीची रीत नाही. घोड्यांच्या निगेत असलेले आम्ही काही वाचक म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत. आपल्याकडेही घोडे पाळणारे, घोडेस्वारी शिकणारे वाचक आहेत, त्यांच्या मनात ही समजूत राहू नये.

आधी हंगामाविषयी. तिकडे शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि साधारण मार्चअखेरपर्यंत चालतो. त्याआधी शरद ऋतूत सकाळच्या, सावकाशीच्या फेऱ्या होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्हा मारण्यावर बंदी आणली, ती फेब्रुवारी २००५ पासून लागू झाली. तेव्हापासून तिथे आधी टाकून ठेवलेल्या गंधाच्या मागावर कुत्री सोडतात. आयर्लंडमध्ये जुनी पद्धत आजही चालू आहे. कायदा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. कुत्र्यांपुढे कोल्हा असो वा टाकलेला गंध, घोड्याच्या पायांखालचा चिखल तोच असतो. ओल्या शेतातून धाव, कुंपणावरून उडी, मग झाडीच्या कडेला गार वाऱ्यात वीस-पंचवीस मिनिटे नुसते उभे राहणे, आणि पुन्हा अचानक धाव. चार-पाच तास हेच चालते. घामाने भिजल्यावर थंडीत उभे राहणे आणि आखडलेल्या अंगाने पुन्हा पळणे शर्यतीच्या घोड्याच्या वाट्याला येत नाही, म्हणून शर्यतीची तयारी इथे जशीच्या तशी लावता येत नाही.

ही ताकद हिवाळ्यात कमावायची नसतेच. ती जुलै ते ऑक्टोबर या काळात बांधलेली असते. कुरणातून आणलेल्या घोड्याला तिथले जाणते लोक दहा ते बारा आठवडे देतात. पहिले तीन-चार आठवडे फक्त चाल, आणि तीही कडक रस्त्यावर. वीस मिनिटांपासून सुरुवात करून रोज तास-सव्वा तासापर्यंत नेतात. पुढचे तीन-चार आठवडे संथ दुडकी, शक्यतो चढावर. त्यानंतर कॅंटर, म्हणजे दुडकीहून वेगाची पण चौखूर धावेहून संथ दौड, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत थोडे वेगाचे काम. चालीचे आठवडे कंटाळवाणे असतात आणि घाई होते ती तिथेच. घोड्याचा दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, मात्र महिने घेतात. पाचव्या आठवड्यात घोडा ताजातवाना दिसतो, लगाम ओढू लागतो, आणि स्वाराला वाटते की झाला तयार. त्याच्या पायांना ते अजून ठाऊक नसते. चौखूर धावताना पुढच्या पायाच्या मागची कंडरा ताणली-आखडली जाऊन तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कच्ची कंडरा ते सोसत नाही. एकदा तिचे तंतू तुटले की नऊ महिने ते वर्षभर घोडा कामातून जातो, आणि बरा झाला तरी ती जागा पहिल्यासारखी होत नाही.

नोव्हेंबर उजाडला की प्रश्न बदलतो. आता घोडा तयार आहे, तो टिकवायचा आहे. आठवड्यातून दोनदा शिकारीला जाणाऱ्या घोड्याला मधल्या दिवसांत वेगाच्या कामाची मुळीच गरज नसते. शिकार हेच त्याचे वेगाचे काम. मधले दिवस हलते राहण्यासाठी असतात. पंधरवड्यात तीन वेळा हे प्रमाण बहुतेक घोड्यांना मानवते, दोन दिवसांच्या आठवड्याला फार कणखर घोडा लागतो.

समजा शनिवारी शिकार झाली. रविवारी सकाळी घोडा पागेबाहेर काढून आधी कडक, सपाट जागेवर हाताने चालवायचा, मग सैल दोरीवर दुडकी चालीने सरळ पळवून आणायचा. डोके एका बाजूच्या पावलाला वर उडते का, मागचा एक पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा जास्त वर-खाली होतो का, हे इथेच दिसते. स्वार खोगिरावर बसल्यावर ते कळत नाही. मग पंधरा-वीस मिनिटे हाताने चालवून त्याला मोकळ्या रानात सोडायचे. सोमवारीही रान. मंगळवारी तासभर चालीची रपेट. बुधवारी दीड तास, त्यात चढावर दुडकी. आठवड्यातून एकदाच शिकारीला जाणारा घोडा असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी एक-सव्वा किलोमीटरचे दोन संथ कॅंटर घ्यावेत, नाहीतर सात दिवसांत दम उतरतो. शुक्रवारी अर्धा-पाऊण तास अंग मोकळे करण्यापुरते. या सगळ्यात सर्वात मोलाचे काय, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर आहे रोजचे मोकळे रान. रात्रंदिवस चार भिंतींत उभ्या घोड्याचे मागचे पाय सकाळी घोट्यापासून वर सुजलेले सापडतात, कारण चालल्याशिवाय पायांतला द्रव वर चढत नाही. रानात दोन-तीन तास पाय टाकणाऱ्या घोड्याला ही सूज क्वचितच येते.

आता चंदीकडे येतो, कारण लेखातली खरी चूक तिथे आहे. साडेपाचशे किलोचा शिकारी घोडा दिवसाला वजनाच्या २ ते २.५ टक्के खातो, म्हणजे सगळे मिळून ११ ते पावणेचौदा किलो. त्यातले निदान ८ किलो वाळलेले गवत किंवा किंचित ओलसर, बांधून मुरवलेले गवत हवे. उरलेल्यात ओट्स, सातू किंवा तयार खुराक. घोड्याचे पोट लहान असते. एका वेळच्या खाण्यात शरीराच्या दर किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट (स्टार्च) जाऊ नये, असा हिशेब हल्ली धरतात. ओट्समध्ये साधारण ४० टक्के पिष्ट असते. म्हणजे या घोड्याला एका वेळी १.३७ किलोपेक्षा जास्त ओट्स नकोत. चार किलो द्यायचे असतील तर तीन वेळा द्या. एकदम दिले तर न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाते, तिथले उपयोगी जिवाणू मरतात, आम्ल वाढते, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह मागे लागतो.

थंडी वाढली म्हणून दाणा वाढवायचा ही तर साफ उलटी समजूत. गवतातला चोथा मोठ्या आतड्यात आंबतो तेव्हा उष्णता तयार होते आणि घोडा आतून गरम राहतो. थंडीच्या रात्री त्याच्यापुढे आणखी दोन-तीन किलो गवत टाका, दाणा नको. वजन उतरत असेल तर वनस्पती तेल चालते, पण ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि त्यासोबत ई जीवनसत्त्व द्यावे.

दाणा काम वाढण्याआधी वाढवू नये, काम वाढल्यानंतर वाढवावा. विश्रांतीचा दिवस मात्र यायच्या आधीच, आदल्या संध्याकाळपासून, तो निम्म्यावर आणावा. पूर्ण चंदी आणि पूर्ण विश्रांती हे जोडपे सर्वात घातक. असा घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच पावले आखूड पडू लागतात, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, घाम फुटतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची येते. ती स्नायू फुटल्याची खूण. अशा वेळी घोड्याला चालवत घरी नेणे हा गुन्हाच समजावा, प्रत्येक पावलागणिक नुकसान वाढते. जिथे आहे तिथेच थांबवा, कमरेवर झूल टाका, पशुवैद्याला बोलवा आणि गाडी तिथपर्यंत आणा. या विकारामागे काही घोड्यांत आनुवंशिक दोषही असतो, क्षारांची कमतरताही असते. पण टाळता येण्याजोगे कारण हेच, बांधलेला घोडा आणि भरलेली गव्हाण.

शिकारीनंतर रात्री गव्हाचा कोंडा गरम पाण्यात भिजवून देण्याची जुनी चाल आहे. प्रेमापोटी ती अजून टिकून आहे. कोंड्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस भरमसाट, शिवाय आठवड्यातून एकदाच दिलेला पदार्थ आतड्यातल्या जिवाणूंना परका. रोजचाच खुराक थोडा कमी करून, कोमट पाण्यात ओलावून दिला तर ऊबही मिळते आणि पोटही बिघडत नाही. मीठ मात्र विसरू नये, एरवी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम आणि शिकारीच्या दिवशी त्याच्या दुप्पट. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. हिवाळ्यात घाम दिसत नाही, वाऱ्याने वाळतो, म्हणून क्षार गेले हे लक्षातच येत नाही. पाणी बर्फगार असले की घोडा कमी पितो, आणि कोरडे गवत आतड्यात अडकून बसते. रोजच्या लिदीकडे पाहा. गोळे लहान, कोरडे, चकचकीत झाले की पाणी कमी पडते आहे.

शिकारीच्या दिवशी दाण्याचे शेवटचे खाणे निघण्याच्या चार तास आधी, गवत थोडे-थोडे चालू. थांबायची वेळ आली की स्वाराने उतरावे, खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, एक घर सैल करावा, घोड्याला एका जागी उभे न करता गोलात फिरवावे. धाव संपल्यानंतर दहा मिनिटांत नाडी मिनिटाला ६० ते ६४ च्या खाली यायला हवी. ती खाली येत नसेल, नाकपुड्या फुगलेल्याच असतील, तर घोड्याचा दिवस संपला आहे, मग घड्याळात दुपारचे बारा का वाजलेले असेनात. परतताना शेवटचा दीड-दोन किलोमीटर चालीने यावे, म्हणजे घोडा अर्धा सुकून पागेत शिरतो. आल्यावर पाणी मागेल तेवढे द्यावे, हात आखडण्याचे कारण नाही. घाम शोषणारी जाळीची किंवा लोकरी झूल, पुढ्यात गवत, आणि मग पाय.

पायांसाठी घाई नको. गुडघ्याच्या खाली अंगठा एका बाजूला आणि चार बोटे दुसऱ्या बाजूला ठेवून हात अगदी सावकाश खाली आणायचा, केसांच्या उलट दिशेने एकदा आणि सुलट एकदा. चारही पायांवर हाच हात, कारण ऊब किती जास्त आहे हे शेजारच्या पायाशी ताडूनच कळते. काट्याचे टोक बोटाला बारीक खडीसारखे लागते, भोवती केस चिकटलेले आणि खाली वाटाण्याएवढी सूज. कातडीतला काटा चिमट्याने निघतो. पण गुडघ्याजवळ, घोट्याजवळ किंवा कंडरेच्या आवरणावर टोचलेला ब्लॅकथॉर्न या कुंपणातल्या काटेरी झुडपाचा काटा निराळा. तो मोडून आत राहिला आणि सांध्यात जंतू गेले की काही तासांत ते एक-दोन दिवसांत घोडा पायावर भार टाकेनासा होतो. मग पोटीस बांधून वाट पाहू नये, त्याच दिवशी पशुवैद्य हवा.

चिखल धुवावा की वाळू देऊन सकाळी झाडावा, यावर तिथल्या पागांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. धुण्याविरुद्धचा मुद्दा खरा आहे. गरम पाणी आणि ताठ ब्रश यांनी कातडी सैल होते, खरचटते आणि चिखल्या या पायांच्या कातडीच्या रोगाचे जंतू आत शिरतात. पण चिखलाच्या थराखाली काटा सापडत नाही. म्हणून आमचे मत असे, की पाय गार किंवा कोमट पाण्याच्या मंद धारेने, ब्रश न लावता धुवावेत, टॉवेलने टिपावेत आणि कोरड्या पट्ट्या सैलसर बांधून सोडावे. खरारा सकाळी.

अंगावरचे केस कापण्याचीही याच्याशी सांगड आहे. हिवाळी केस ऑक्टोबरात पुरते आले की पहिली कापणी आणि जानेवारीअखेर शेवटची, त्यानंतर उन्हाळी केस उगवू लागतात आणि ते कापले तर अंग विद्रूप राहते. शिकारी कापणीत पाय आणि खोगिराखालची जागा सोडतात. पायांवरचे केस काटे, चिखल आणि गारठा यांपासून वाचवतात. खोगिराची जागा सोडताना अंदाजावर जाऊ नये. खोगीर प्रत्यक्ष ठेवून खडूने भोवती रेघ मारावी, मग ते उतरवून रेघेच्या किंचित बाहेरून यंत्र चालवावे. घोडा स्वच्छ आणि कोरडा हवा, नाहीतर पाती ओढतात. दर पाच-दहा मिनिटांनी पाती हाताला लावून पाहावी, तापलेली पाती लागली की घोडा पुढच्या वर्षीही यंत्राला घाबरतो. कापलेल्या घोड्याला झूल लागतेच, पण जाड झुली चढवून दारे-खिडक्या बंद करणे ही दुसरी चूक. कोपरामागे झुलीखाली हात घाला, ओलसर लागले तर झूल जास्त झाली. पागेच्या दाराचा वरचा पल्ला बर्फ पडतानाही उघडा हवा. बंद पागेतली धूळ आणि लघवीचा उग्र वास फुप्फुसांना थंडीपेक्षा कितीतरी जास्त बाधतो. खोकणाऱ्या घोड्याचे गवत भिजवून किंवा वाफवून द्यावे, आणि खोकला असेपर्यंत शिकार नाही.

नालांविषयी थोडेच लिहितो. दर चार ते सहा आठवड्यांनी नाल, मधे खाच असलेले आणि आतून उतरते घडवलेले, म्हणजे चिखल त्यांना ओढून धरत नाही. मागचे नाल जरासे आत बसवतात, म्हणजे मागचा पाय पुढच्याच्या टाचेवर पडून नाल उपटला जात नाही. घसरू नये म्हणून नालाला बसवायचे खिळे, म्हणजे स्टड, लहानात लहान असावेत. मोठ्या स्टडने पाय जमिनीत रुततो आणि पीळ सांध्याला बसतो. ग्रेट ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत नालबंद किंवा पशुवैद्य यांच्याशिवाय सहसा कुणालाही, अगदी स्वतःच्या घोड्यालाही, नाल ठोकता येत नाही. हे आपल्याकडच्या वाचकांना नवल वाटेल, पण चुकीच्या नालाने घोड्याचे काय होते हे पाहिलेल्या कुणालाही तो कायदा जाचक वाटणार नाही.

जानेवारीत जमीन गोठली की शिकारी रद्द होतात, कधी सलग आठवडाभर. ताकद भरून काढण्याच्या कल्पनेने सर्वात जास्त घात इथे होतो. ज्या दिवशी रद्द झाल्याचा निरोप येतो त्याच संध्याकाळी दाणा निम्म्यावर आणावा आणि गवत वाढवावे. अंगणात जुन्या पेंढ्या-लिदीचा जाड थर अंथरून गोल वाट तयार करावी आणि त्यावर घोडा दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालवावा. गोठलेल्या रस्त्यावर दुडकी नको. बर्फ वितळल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण दिवसाची शिकारही नको. तीन-चार दिवस रपेट, एक कॅंटर, आणि मग अर्धा दिवस.

घोडा उतरत चालला आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. शिकारीत घटलेले वजन दोन-तीन दिवसांत परत येते. छातीभोवतीच्या वजनफितीने दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी मोजावे. चौथ्या दिवशीही वजन भरले नसेल, गव्हाणीत दाणा उरत असेल, केसांचा तजेला गेला असेल, पाण्याकडे पाठ फिरवून घोडा कोपऱ्यात उभा राहत असेल, तर पुढची शिकार त्याच्यासाठी नाही. ताप पाहावा, ३८.५ अंशांच्या वर गेला तर पशुवैद्य. अशा घोड्याला टॉनिक पाजून उभे करण्याचा मोह होतो, त्याला खरे तर दहा दिवसांचे रान लागते.

मार्चअखेर हंगाम संपला की त्याला लगेच कुरणात सोडून मोकळे होता येत नाही. तीन-चार आठवड्यांत दाणा हळूहळू बंद करायचा, झुली एकेक करून हलक्या करायच्या, रानातला वेळ रोज थोडा वाढवायचा. वसंतातले कोवळे गवत साखरेने भरलेले असते, ते एकदम पोटभर मिळाले तर खुरांचा दाह होतो, म्हणून सुरुवात तास-दोन तासांपासून करावी. लिदीतली कृमींची अंडी तपासून मगच औषध द्यावे. मागचे नाल काढून खुरांच्या कडा गोलसर घासून घ्याव्यात, कारण कुरणातल्या घोड्यांत लाथा चालतात आणि नालाची लाथ हाड मोडते.

आपले,
अश्वपालनातील काही वाचक